बोडियम कॅसल : खरा किल्ला की नुसता थाट?

ससेक्सकर

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

मागच्या रविवारी बोडियमला जाऊन आलो. ईस्ट ससेक्समध्ये रॉदर नदीच्या काठाला आहे हा कॅसल, पोरांनी महिनाभर भुणभुण लावली होती की आम्हाला 'खरा' कॅसल बघायचाय म्हणून. लांबून दिसला तेव्हा मीसुद्धा पोरांइतकाच खूश झालो होतो हे कबूल करतो. तळ्यासारखा रुंद खंदक, पाण्यावर कमळाची पानं, मधोमध चौकोनी तटबंदी, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, दोन बुरुजांच्या मधे चौकोनी बुरूज, आणि सगळ्याची उलटी पडछाया पाण्यात. लहान मुलाला किल्ला काढ म्हटलं की तो जसा काढेल अगदी तसा.

आत गेलो आणि फुस्स. छप्पर नाही, मजले नाहीत, भिंतीत अधांतरी लटकलेल्या शेकोट्या, खाली हिरवळ. त्यात तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी आणखी हवा काढली. म्हणाले, हा लढायला बांधलाच नव्हता असं बरेच इतिहासकार मानतात, हा एका श्रीमंत माणसाचा वाडा, किल्ल्याचा पोशाख घातलेला. धाकटा तेव्हापासून मला विचारतोय, "बाबा, मग तो खोटा कॅसल आहे का?" काय सांगू त्याला?

गडवेडा_७

सांगून टाका खोटा आहे म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. आपल्या एखाद्या बऱ्या गडाच्या माचीवर असले चार बोडियम मावतील. बालेकिल्ला नाही, तटाची जाडी जेमतेम दोन मीटर, आणि बाहेरच्या भिंतीला चर्चला शोभतील एवढ्या खिडक्या! तटाला खिडकी म्हणजे शत्रूला पाट मांडून या बसा म्हणण्यासारखं. शिवाय उत्तरेच्या चढावरून आतलं सगळं दिसतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला याला किल्ला म्हणवत नाही बुवा.

इतिहासाचा_मास्तर

गडवेडा, दमानं घ्या. डोंगरी किल्ल्याच्या फुटपट्टीने भुईकोट मोजायचा नसतो, आणि दुसऱ्या देशातला तर नाहीच नाही.

थोडी पार्श्वभूमी. हा बांधला सर एडवर्ड डॅलिंग्रिज नावाच्या गृहस्थाने. धाकट्या घराण्यातला माणूस, इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात फ्रान्समध्ये रॉबर्ट नोल्सच्या टोळीबरोबर होता. टोळी हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण या 'फ्री कंपन्या' म्हणजे निम्मे सैनिक निम्मे लुटारू. तिकडून पैसा आणला, इकडे एलिझाबेथ वार्डिउ नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्या माहेरकडून बोडियमची जहागीर मिळाली. मग ससेक्सतर्फे पार्लमेंटात बसायला लागला.

आता काळ बघा. १३७७ मध्ये फ्रेंचांनी राय हे बंदर जाळलं. १३८० मध्ये विंचेलसी. राय हे याच रॉदर नदीच्या तोंडाशी आहे आणि तेव्हा नदीतून बोडियमपर्यंत होड्या यायच्या. त्यामुळे ऑक्टोबर १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने त्याला तटाला चर्या (माथ्यावरचे लढाऊ कंगोरे) काढायचा परवाना दिला तेव्हा त्यात आसपासच्या मुलुखाच्या रक्षणासाठी आणि शत्रूच्या प्रतिकारासाठी असं स्पष्ट लिहिलंय. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी फ्लँडर्समधल्या स्लॉइस बंदरात स्वारीसाठी मोठं आरमार जमवलं होतं. म्हणजे भीती खरी होती. भीती खरी तर किल्ला खोटा कसा?

खडूस

म्हणजे लुटीच्या पैशातून बंगला बांधला आणि परवानगीच्या अर्जात कारण लिहिलं 'देशरक्षण'. ६०० वर्षांत काहीच बदललेलं नाही की हो.

इतिहासाचा_मास्तर

@खडूस, तुम्ही विनोद केलात पण गंमत त्याच्या पुढची आहे. परवाना होता जुन्या राहत्या घराला तटबंदी करायचा. याने ते घर तसंच सोडलं आणि नव्या जागी कोराकरकरीत कॅसल उभा केला.

खडूस

अरे देवा. दुरुस्तीच्या परवानगीवर अख्खी नवी बिल्डिंग. हा माणूस आपलाच निघाला.

विटामाती

बांधकामाच्या धंद्यातला असल्यामुळे बोलतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळणार आहे, वाट बघा.

खंदकापासून सुरू करू. १९७० मध्ये उपसला तेव्हा सरासरी पाचेक फूट खोल निघाला. त्याहून वाईट म्हणजे हे पाणी मातीच्या बांधाने अडवलेलं आहे. कुदळी फावडी घेऊन माणसं लावली तर बांध फोडून पाणी सोडून देता येईल, आणि तो बांध किल्ल्याच्या बाहेर, शत्रूच्या बाजूला! चार्ल्स कुल्सन वगैरे अभ्यासकांचा हाच तर मुद्दा होता की हे पाणी लढाईपेक्षा पडछायेसाठी आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी आजूबाजूच्या जमिनीची पाहणी झाली तेव्हाही तेच दिसलं, येणाऱ्या पाहुण्याला कॅसल पाण्यात तरंगल्यासारखा दिसावा अशी सगळी वाट आणि तळी आखल्यासारखी आहेत.

पण आता दुसरी बाजू. आज आपण सरळ उत्तरेकडून पूल ओलांडून आत जातो ना, तो मूळचा रस्ता नाही. मूळ रस्ता पश्चिमेच्या काठावरून यायचा. आधी पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर, तिथे काटकोनात वळायचं, मग पुढची चौकी, मग दरवाजा, आणि मधले पूल उचलायचे. म्हणजे येणाऱ्याची उजवी कूस, ढाल नसलेली, पूर्ण वेळ तटासमोर उघडी. गडवेडा, आपल्याकडच्या गोमुखी दरवाजामागे हाच विचार आहे की नाही? शत्रूला सरळ धावू द्यायचं नाही, वळवायचं, वळताना मारायचं. दरवाजात शिरल्यावर मान वर करून बघा, घुमटीच्या छताला जागोजागी गोल भोकं आहेत, वरून दगड, उकळतं पाणी, काय हवं ते टाकायला. दरवाजाच्या बुरुजांना किल्लीच्या भोकाच्या आकाराच्या जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी आहेत, त्या तोफा-बंदुकांसाठी. चौदाव्या शतकात तोफेचा विचार करून घर बांधणारा माणूस अगदीच नाटकी नसावा.

तरी माझ्या मनात एक पाचर राहतेच. हे सगळं दरवाजापाशी आहे. तटाच्या माथ्यावरचा तो पुढे आलेला सज्जासुद्धा फक्त दोन दरवाजांवर. बाकीच्या बाजू बऱ्याच साध्या आहेत.

पाणकोंबडा

एक अत्यंत महत्त्वाचा प्रश्न. भिंतीत शौचकूप होते म्हणतात ते कुठे रिकामे व्हायचे?

विटामाती

२८ आहेत. सगळे थेट खंदकात.

पाणकोंबडा

मग खंदक उथळ असला तरी पोहून यायची कुणाची हिंमत होती!! वाद संपला, किल्ला खरा आहे. धागा बंद करा.

सांजसावली

पाणकोंबडा, शी! मी जेवताना वाचत होते.

मला तटबंदीतलं काही कळत नाही पण मी बोडियमला तीनदा गेलेय आणि दर वेळी एकाच जागी अडकते. दक्षिणेच्या बाजूला मोठ्या दिवाणखान्याची एक आडवी भिंत उभी आहे, तिच्यात ओळीने तीन टोकदार कमानी आहेत. तीन दारं. एक दार पावाच्या खोलीचं, एक पेयांच्या खोलीचं, आणि मधलं बोळातून थेट स्वयंपाकघरात. बाकी सगळं पडलंय, ही तीन दारं तेवढी राहिलीत. मी त्या मधल्या दारात उभी राहून स्वयंपाकघराकडे बघते, समोरासमोर दोन प्रचंड चुली, माणूस आत उभा राहील एवढ्या. पलीकडे कोपऱ्यातल्या बुरुजाच्या तळाला विहीर, म्हणजे पाण्यासाठी घराबाहेर पडायला नको. आणि त्याच बुरुजाच्या अगदी माथ्यावर कबूतरखाना! खाली पाणी, वर मांस, मधे चुली. ज्या बाईने किंवा बाप्याने ही रचना सुचवली त्याने स्वयंपाकघरात घाम गाळलेला असणार.

कमानीच्या कडेच्या दगडाला हात लावून बघा, कंबरेच्या उंचीवर गुळगुळीत लागतो. खरंच ताटं नेणाऱ्यांच्या कोपरांनी झालाय की पर्यटकांच्या हातांनी ते माहीत नाही, मी आपलं पहिलंच धरते.

बाकी तुम्ही खुशाल भांडा.

गडवेडा_७

सांजसावलीताई, मी तिथे पाऊण तास होतो आणि त्या तीन दारांचे फोटोही काढलेत, पण ती कसली ते आज कळलं.

विटामाती, काटकोनातल्या पुलाचा मुद्दा मान्य. एक पाऊल मागे घेतो. पण मला कुणीतरी एक लढाई दाखवा. लढाई दाखवा, मी टोपी काढतो.

इतिहासाचा_मास्तर

अडचण तीच आहे :) १४८३ मध्ये इथला मालक ल्युकनर तिसऱ्या रिचर्डच्या विरोधात गेला, तेव्हा राजाने बोडियम घ्यायला माणसं पाठवायचा हुकूम काढला. पण प्रत्यक्ष लढल्याची नोंद नाही, बहुतेक फारसं काही न होता दरवाजा उघडला गेला. मग सतराव्या शतकातल्या यादवीत मालक राजाच्या पक्षाचा, त्याला पार्लमेंटने दंड ठोकला, तो भरायला त्याने १६४४ मध्ये कॅसल विकला, आणि त्यानंतर पुढची चौकी, पूल, आतल्या इमारती पाडल्या गेल्या. म्हणजे तोफेने नाही, पावतीने पडला.

पण गडवेडा, लढाई झाली नाही म्हणजे लढण्यासाठी नव्हता असं कसं? कुलूप कुणी फोडलं नाही म्हणून ते कुलूप नव्हतं का?

खडूस

'तोफेने नाही, पावतीने पडला.' मास्तर, हे मी चोरणार आहे.

काथ्याकूट

सगळे मूळ मुद्दा सोडून कसे राहिले? हा कॅसल आज उभा कुणामुळे आहे ते सांगितलं नाही कुणी. कर्झन! होय, आपला तो लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा. त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात हा विकत घेतला, नंतर खंदक उपसून, भिंती सावरून दुरुस्त केला आणि १९२५ मध्ये मरताना नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. त्याचं बोडियमवरचं पुस्तकही मृत्यूनंतर निघालं.

आपल्या गोखल्यांनी १९०५ च्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. गोखले म्हणजे मवाळातले मवाळ, त्यांना इतकं बोलावंसं वाटलं यावरून काय ते समजा. आणि आम्ही त्याने राखलेल्या कॅसलपुढे सेल्फी काढतो.

सांजसावली

काथ्याकूट, राग समजतो. पण १९०४ चा पुरातन वास्तू जतनाचा कायदा त्याच्याच काळातला, आणि मरगळलेल्या पुरातत्त्व खात्यात १९०२ मध्ये जॉन मार्शलला आणून बसवला तोही त्यानेच. ताजमहालात कबरींच्या वर जो दिवा लटकतो तो कर्झनने कैरोहून करवून घेतला. एकच माणूस दोन्ही करू शकतो.

काथ्याकूट

करू शकतो. दगडांवर प्रेम आणि माणसांबद्दल तुच्छता, दोन्ही एका वेळी, मला त्याचाच जास्त राग येतो.

इतिहासाचा_मास्तर

मग कर्झनच्या आधीचा वाचवणारा ऐकाच. १८२९ मध्ये हे पडके अवशेष पाडून दगड विकायचं घाटत होतं असं म्हणतात, तेव्हा जॉन फुलर नावाच्या माजी खासदाराने ३००० गिनी मोजून घेतला. लोक त्याला 'मॅड जॅक' म्हणत. आपल्या गावच्या चर्चच्या आवारात जिवंतपणीच स्वतःसाठी पिरॅमिड बांधून ठेवलेला माणूस! फॅरेडेला मिळालेली रसायनशास्त्राची प्राध्यापकी याच फुलरच्या देणगीतली. आणि हाच फुलर जमैकातल्या ऊसमळ्यांचा आणि तिथल्या गुलामांचा मालक, पार्लमेंटमध्ये उभा राहून गुलामगिरीचं समर्थन करणारा.

तर काथ्याकूट, बोडियमचा इतिहास असा आहे. बांधला लुटीच्या पैशातून, वाचवला गुलामांच्या घामातून, दुरुस्त केला व्हाइसरॉयने. स्वच्छ हात कुणाचेच नाहीत.

नुसतीच_वाचक

सुंदर चर्चा. एक अडाणी प्रश्न, लंडनहून गाडी नसताना कसं जायचं? सासूबाई येतायत, त्यांना फार चालवत नाही.

ससेक्सकर

@नुसतीच_वाचक, टेंटरडनहून जुनी वाफेची गाडी थेट बोडियम स्टेशनापर्यंत येते, केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वे, हौशी लोक चालवतात. सासूबाईंना कॅसलपेक्षा तीच आवडेल. रोज नसते, आधी वेळापत्रक बघा. स्टेशनापासून थोडं चालावं लागेल, सपाट आहे. बुरुजावर मात्र नेऊ नका, गोल जिना आहे, पायऱ्या एका बाजूला निमुळत्या आणि धरायला दोर.

विटामाती

अवांतर झालं, परत येऊ. मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट दरवाजाची नाही, आतली आहे. पश्चिमेच्या बाजूला नोकरांचा किंवा शिपायांचा म्हणतात तो वेगळा दिवाणखाना आणि वेगळं स्वयंपाकघर आहे, आणि तिथून मालकाच्या खोल्यांकडे जायला थेट वाटच नाही. चौक ओलांडून बाहेरूनच जायचं.

इतिहासाचा_मास्तर

अगदी! यावर जुन्या पिढीतल्या डग्लस सिम्प्सनचं म्हणणं असं होतं की मालकाला बाहेरच्या फ्रेंचांइतकीच आतल्या भाडोत्री शिपायांची भीती होती. पगार थकला की हीच माणसं उलटतील. डॅलिंग्रिज स्वतः फ्रान्समध्ये तशाच माणसांबरोबर हिंडलेला, त्याला ती जात आतून माहीत होती. आताच्या अभ्यासकांना हे फारसं पटत नाही, ते म्हणतात ही नुसती मोठ्या घरातली वर-खालची व्यवस्था आहे, मानमरातबाची. मला दोन्ही एकत्र खरी वाटतात.

आणि मागच्या दिंडी दरवाजावर ढाल कुणाची कोरलीय माहितीये? नोल्सची. पुढच्या मोठ्या दरवाजावर स्वतःच्या आणि बायकोच्या घराण्यांच्या ढाली, मागे जुन्या सरदाराची. ज्याच्याबरोबर लुटालूट केली त्याला विसरला नाही, पण पुढच्या दारातही आणला नाही.

खडूस

लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वर आणि बिझनेस पार्टनरचं नाव खाली 'आपले नम्र' मध्ये.

गडवेडा_७

मास्तर, ढालींचं वाचून उलगडा झाला. मी इतका वेळ कोणाच्या हल्ल्याला हा टिकेल असं बघत होतो. पण या माणसाचं भांडण फ्रेंचांपेक्षा शेजाऱ्यांशी जास्त असणार ना? जुन्या मोठ्या घराण्यांपुढे हा काल आलेला. त्यांना दाखवायचं होतं की मीही तुमच्यातलाच.

इतिहासाचा_मास्तर

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. जॉन ऑफ गाँट, म्हणजे राजाचा काका आणि तेव्हाचा इंग्लंडमधला सगळ्यात बलाढ्य जमीनदार, त्याच्याशी डॅलिंग्रिजचं वैर होतं आणि १३८४ मध्ये त्यावरून खटलाही झाला. त्याच्या पुढच्याच वर्षीचा हा परवाना. फ्रेंच आले असते तर त्यांना, गाँटची माणसं आली असती तर त्यांना, आणि कुणीच आलं नाही तर येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला, कॅसल काहीतरी सांगणारच होता.

पाणकोंबडा

आणि २८ शौचकूप असलेला माणूस कुणाचंही ऐकून घेणार नव्हता.

ससेक्सकर

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल पोरांना घेऊन परत गेलो, या वेळी धाग्याची प्रिंट काढून (शौचकुपांचे प्रतिसाद वाचून दाखवले, बाकीचे त्यांनी ऐकले नाहीत). दरवाजात उभं राहून छताची भोकं दाखवली. वर अर्ध्यात अडकल्यासारखा तो लोखंडी पट्ट्या मारलेला ओकचा जाळीदरवाजा आहे, तो त्या काळचाच आहे म्हणतात. थोरली त्याच्या खाली उभीच राहीना, पळत पलीकडे गेली. धाकटा मुद्दाम खाली थांबून वर बघत राहिला आणि म्हणाला, "हा पडला तर लागेल ना? मग खरा आहे."

आणखी एक. कॅसलच्या जवळच १९४० सालची काँक्रीटची चौकी आहे, जर्मन उतरले तर म्हणून बांधलेली. बसकी, काळी, कुणी ढुंकूनही बघत नाही. तिला ना पडछाया, ना ढाली, ना कबूतरखाना. तिच्या आत वाकून गेलो, आत ओल आणि चिप्सची पाकिटं. गडवेडा, तुमच्या व्याख्येत शंभर टक्के बसणारा किल्ला तिथे तोच एक आहे.

गडवेडा_७

हाहा, पकडलंत. मे महिन्यात येतोय तिकडे. आधी चौकी बघतो, मग ती तीन दारं. टोपी अजून काढलेली नाही, हातात धरलीय.

सांजसावली

दुपारी चारनंतर जा, ऊन पश्चिमेकडून येतं आणि मधलं दार उजळतं. आणि डबा खंदकाच्या काठावर उघडू नका, बदकं हातातलं ओढून नेतात.